सायरन हा पार्श्वसंगीताचा आवाज नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विजय दिवसाच्या निमित्ताने गेल्या आठवड्यात एका वृत्तवाहिनीवर १९७१ च्या युद्धाची उजळणी करणारा कार्यक्रम लागला होता आणि त्यात निवेदकाच्या दर दोन वाक्यांनंतर, पोह्यांवर खोबरे भुरभुरावे तसा, हवाई हल्ल्याचा सायरन वाजवला जात होता. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. पहिला आवाज कानावर आला तसा पिठाने भरलेला माझा हात बटणाकडे गेला आणि दिवा मालवूनच परत आला. आपण काय केले हे मला अंधारात उभी राहिल्यावर कळले. सूनबाई धावत आली, तिला वाटले फ्यूज गेला. ५४ वर्षांपूर्वी अंगात मुरलेली सवय अजून गेलेली नाही, याचे मला हसूही आले आणि त्या वाहिनीचा रागही आला. हे पत्र त्या रागापोटी लिहीत आहे. थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

माझे वडील डाक-तार खात्यात होते. १९६८ साली त्यांची बदली जामनगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली आणि आम्ही आई, आजी, थोरली बहीण, धाकटा भाऊ आणि मी असे सगळे तिकडे गेलो. लाखोटा तलावापासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्यांचे भाड्याचे घर होते. युद्ध झाले तेव्हा मी १२ वर्षांची होते. आज महाराष्ट्रात १९७१ चा ब्लॅकआउट आठवणारे पुष्कळ लोक आहेत, मुंबईकरांनीही खिडक्यांना काळे कागद लावले होते. पण जामनगरचा प्रकार वेगळा होता. गावाला लागून हवाई दलाचा तळ, उत्तरेला बेडी बंदर, जवळच नौदलाचे वालसुरा हे प्रशिक्षण केंद्र, आणि पक्ष्याच्या वाटेने मोजले तर कराची मुंबईपेक्षाही जवळ. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी श्रीनगर, अमृतसर, पठाणकोट या तळांवर हल्ले केले आणि रात्र पडल्यावर ज्या गावांचा नंबर लागला त्यांत आग्रा, जोधपूर, भूज यांच्या जोडीला आमचे जामनगरही होते.

आमच्या गल्लीला हे नवे नव्हते. ६ सप्टेंबर १९६५ रोजी जामनगरच्या तळावर पाकिस्तानी बॉम्बफेकी विमाने येऊन गेली होती, दुसऱ्या रात्री त्यांच्या युद्धनौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या होत्या, आणि त्याच महिन्यात, १९ तारखेला, गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे बिनलष्करी विमान कच्छच्या सीमेजवळ पाडले गेले होते. त्यामुळे शेजारच्या बा आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली दादा म्हणे, ही मंडळी आम्हा नवख्यांची शिक्षक झाली. काचांना कागदाच्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटवायच्या म्हणजे काच फुटली तरी तिचे तुकडे उडत नाहीत, हे बांनी आईला दाखवले. कागद खाकी, वह्यांना घालायचा तोच. खळ गव्हाच्या पिठाची. त्या खळीत मोरचूद टाकायला आई विसरली, म्हणून चौथ्या दिवशी सगळ्या घराला आंबूस वास सुटला. युद्ध म्हटले की लोकांना दारूगोळ्याचा वास आठवत असेल; मला आंबलेल्या खळीचा आठवतो.

गल्लीच्या टोकाला मोकळा प्लॉट होता, तिथे नागमोडी चर खणला होता. सरळ चरात एखादा स्फोट झाला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे सापडतात, वळणांमुळे आडोसा होतो, हे नागरी संरक्षणाच्या वॉर्डनने आम्हा मुलांना काठीने मातीत रेघा ओढून समजावले होते. हा वॉर्डन एरवी कापडाच्या दुकानात गज घेऊन बसणारा साधा माणूस. त्याने प्रत्येक घरातली माणसे मोजून ठेवली होती, कोणाकडे म्हातारे आहे, कोणाकडे तान्हे आहे, कोण रात्रपाळीला जाते, हे त्याला तोंडपाठ होते. घरांच्या दारांशी वाळूच्या बादल्या. कानात घालायला कापूस आणि दातांत धरायला रुमालाची घडी प्रत्येकाच्या खिशात. संध्याकाळचा स्वयंपाक साडेपाचला उरकायचा, शेगडीतले निखारे राखेने झाकून वर घमेले पालथे घालायचे. आमच्या रेडिओची पिवळी तबकडी उजळत असे, तिच्यावर वडील पंचा टाकत आणि पंचाच्या आत डोके घालून बातम्या ऐकत. बाहेर मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला, सायकलींना दिवेच नाहीत. एरवी बिनदिव्याची सायकल पकडणारा पोलीस आता दिव्याची सायकल पकडू लागला, याची भावाला फार मौज वाटे.

आणि या सगळ्या बंदोबस्तावर पहिले काही दिवस चंद्राने पाणी ओतले. दत्तजयंती नुकतीच होऊन गेली होती, पौर्णिमा २ डिसेंबरची. गावातला एकूण एक दिवा मालवलेला आणि वर टिपूर चांदणे, तलावाचे पाणी ताटासारखे चमकणारे, मध्ये लाखोटा कोठ्याची गोल इमारत स्पष्ट दिसणारी. 'चंद्राला कोण खाकी कागद लावणार?' असे आजी म्हणाली, ते गल्लीत इतके आवडले की बांनी त्याचे गुजराती करून चार घरी पोहोचवले.

आता सायरनविषयी. धोक्याचा सायरन चढत-उतरत, हेल काढत वाजतो आणि धोका टळल्याचा सायरन एकाच सुरात सरळ वाजतो. पहिल्याने पोटात खड्डा पडायचा, दुसऱ्याने तो भरून निघायचा. या दोन आवाजांच्या मधला वेळ कधी दहा मिनिटांचा असे, कधी तासाभराचा, आणि त्या वेळात सगळे गाव फक्त कान होऊन बसलेले असे. विमान कोणाचे, येणारे की जाणारे, हे न बघता ओळखण्याचा प्रयत्न प्रत्येकजण करी आणि बहुतेक वेळा चुके. विमानविरोधी तोफा सुरू झाल्या की घरातल्या फळीवरच्या डब्यांची झाकणे थरथरत. चरात बसल्यावर ते ऐकू येत नसे; तिथे माती गळ्यात पडे.

चरात दादा आमच्या समोरच्या वळणावर बसत. जामनगरची सूडी प्रसिद्ध आहे, सूडी म्हणजे आपला अडकित्ता, आणि दादांची पितळी मुठीची सूडी चरातही त्यांच्या हातात असे. डोळ्यांसमोर धरलेले बोट दिसू नये अशा अंधारात ते सुपारी कातरत बसत. कट्, कट्, कट्. विमानाची घरघर नुसती दूरवर असेल तर तो आवाज चालू राही. घरघर डोक्यावर आली की बंद पडे. आम्हा मुलांनी सायरनच्या खालोखाल भरवसा टाकला तो या सूडीवर. ती थांबली की आम्ही रुमाल दातांत धरून पालथे होत असू, आणि पुन्हा कट् ऐकू आले की डोके वर. एकदा मात्र ती बराच वेळ थांबली आणि विमान तर केव्हाच गेलेले. बहिणीने घाबरून हाक मारली तेव्हा दादा म्हणाले, सुपारी संपली.

त्या अंधारात आणखी एक आवाज असे. तलावाच्या काठी बाला हनुमानाचे मंदिर आहे आणि तिथे १ ऑगस्ट १९६४ पासून 'श्रीराम जय राम जय जय राम' ही धून रात्रंदिवस अखंड चालू आहे. ती आजही चालू आहे. समर्थांचा हा तेरा अक्षरी मंत्र परगावात रोज कानावर पडतो म्हणून आजीला जामनगर आपले वाटले होते. दिवसा रहदारीत ती धून आम्हाला ऐकू येत नसे. ब्लॅकआउटमध्ये रस्ते रिकामे झाले, सिनेमाचे रात्रीचे खेळ बंद झाले आणि मग मंजिऱ्यांचा आवाज सरळ आमच्या खोलीत येऊ लागला. दोन गाणारे अंधारात बसून गात असावेत, कारण मंदिराचा दिवाही बाहेर दिसत नव्हता. भाविक मंडळी म्हणतात त्या नामाने गाव तरले. मला त्याबद्दल मत देता येणार नाही. एवढे सांगते की सायरन वाजला तरी आपली पाळी सोडून उठायचे नाही असे ठरवलेली माणसे गावात आहेत, हे मध्यरात्री ऐकू येणे ही मोठी सोबत होती. वडिलांचेही तेच होते. एक्स्चेंजची रात्रपाळी चुकवता येत नसे, कारण धोक्याच्या सूचना त्याच तारांवरून पुढे जायच्या. ते सायकल हाताने ढकलत अंधारातून जात आणि सकाळी परत आले की आई काही न विचारता आधी त्यांच्या अंगावरून हात फिरवी.

आम्ही शूर होतो असे मी मुळीच म्हणत नाही. आमच्या गल्लीत बॉम्ब पडला नाही, जे पडले ते तळाच्या दिशेला. तळावर टाकलेला बॉम्ब तळावरच पडतो असे मात्र समजू नये; १९६५ साली जोधपूरच्या तुरुंगावर बॉम्ब पडून कैदी मेले होते, ही गोष्ट वडीलधारे आम्हाला ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलत आणि आम्ही ती ऐकत असू. आमच्याच किनाऱ्यावरच्या ओखा बंदरात तेलाच्या टाक्या पेटल्याची बातमी आली तेव्हा दोन दिवस गावात अफवांना ऊत आला. छत्रीधारी सैनिक उतरले, पाण्यात विष कालवले, अमुक गल्लीतून कोणी विजेरीने खुणा करतो. एका रात्री तलावाच्या पाळीवर बिडीची ठिणगी दिसली म्हणून आमच्याच गल्लीतले आठ-दहा जण काठ्या घेऊन धावले आणि एका माणसाला त्यांनी बेदम मारले. तो लाकडाच्या वखारीवरचा राखणदार होता. वॉर्डन मध्ये पडला म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी हळद घातलेले दूध पाठवणाऱ्यांत आदल्या रात्री काठ्या नेणाऱ्यांच्या घरच्या बायका होत्या. ही आठवण विजयाच्या कार्यक्रमांत कोणी सांगत नाही, म्हणून मी इथे नोंदवते.

आणखी एक सांगायचे आहे. माझ्या आजीचे माहेर कराचीचे. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, नोकरी-व्यवसायासाठी तिथे गेलेली मराठी कुटुंबे पुष्कळ होती आणि आजीचे भाऊ ज्या नारायण जगन्नाथ हायस्कुलात शिकले ते एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने चालणारे. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर पहिला हल्ला केला आणि ८ तारखेच्या रात्री दुसरा. कराची बंदरातल्या कियामारीच्या तेलटाक्या जळत असल्याचे रेडिओवर ऐकले तेव्हा गल्लीत टाळ्या पडल्या, बांनी गूळ वाटला, आम्ही मुले नाचलो. ओख्याची भरपाई झाली, असा सगळ्यांचा हिशेब होता आणि मला तो तेव्हा बरोबर वाटला, आजही चूक म्हणवत नाही, कारण त्या नौकांनी समुद्राचा मार्ग रोखला नसता तर आमच्या किनाऱ्यावर काय ओढवले असते ते सांगता येत नाही. आजीने गूळ हातात घेतला. ती वडिलांना विचारू लागली, टाक्या कियामारीच्या कुठल्या अंगाला, कारण धक्क्याकडून येताना उजव्या हाताला कामगारांच्या चाळी होत्या. वडिलांना ते कुठून ठाऊक असणार? मग ती म्हणाली, 'तिथेही ब्लॅकआउटच असेल ना रे आता?' आणि गूळ तिने तोंडात न टाकता धाकट्याला दिला. १२ तारखेला कच्छच्या आखातावर आपल्या मिग विमानाने त्यांचे स्टारफायटर पाडले; त्याचा वैमानिक छत्रीने समुद्रात उतरला आणि सापडला नाही, असे नंतर कळले तेव्हा दादा एवढेच म्हणाले, 'दरियो बहु ठंडो हशे.' समुद्र फार गार असेल.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आखाताच्या पलीकडे भूजची धावपट्टी बॉम्बनी उखडली गेली तेव्हा तळाचे प्रमुख विजय कर्णिक यांच्या हाकेला ओ देऊन माधापरच्या सुमारे ३०० बायकांनी ती ७२ तासांत पुन्हा उभी केली, हे आता सर्वांना माहीत आहे. कमी लोकांच्या ध्यानात येते ते असे की हे सारे काम सायरनच्या भरवशावर झाले. तो वाजला की हातातले घमेले टाकून झुडपांत दडायचे, धोका टळल्याचा वाजला की परत यायचे. तो आवाज खोटा असू शकतो अशी शंका एकीलाही येण्याचे कारण नव्हते. आम्हालाही नव्हते. त्या आवाजाचा उपयोग कोणी दुसऱ्या कशासाठी करील, ही कल्पनाच अस्तित्वात नव्हती.

मे २०२५ मध्ये काय झाले ते पाहा. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाच्या सरावांचा दिवस ठरलेला होता, त्याच पहाटे ऑपरेशन सिंदूर झाले, आणि पुढच्या तीन-चार रात्री सीमेलगतच्या अनेक गावांत खरेखुरे ब्लॅकआउट झाले. माझी थोरली बहीण लग्न होऊन जामनगरलाच राहिली. त्यांतल्या एका रात्री मी तिला फोन लावला. तिने दिवे मालवले होते, खिडकीशी बसून बोलत होती. इकडे आमच्या दिवाणखान्यात टीव्ही चालू होता आणि त्यावर सायरन लावलेला होता, बातमी कसलीही असो. बोलता बोलता सायरन ऐकू आला आणि मी तिला ओरडून म्हणाले, 'ताई, खाली बस.' ती म्हणाली, 'इथे काही वाजत नाही गं, तुझ्याकडे वाजतंय.' थोड्या वेळाने पुन्हा वाजला, मी दुर्लक्ष केले, आणि तो तिच्याकडचा होता.

माझी सारी तक्रार या एका फोनमध्ये आली. त्याच आठवड्यात एका रात्री कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाल्याचे काही वाहिन्यांनी सांगून टाकले, तेही सायरनच्या साथीने, आणि ती बातमी खोटी निघाली. १९७१ मध्ये कराची खरोखर जळत होती, ती बातमी आम्ही पंचाखाली डोके घालून, निवेदकाच्या नेहमीच्या संथ आवाजात ऐकली. १० मे रोजी केंद्राच्या अग्निशमन, नागरी संरक्षण व होमगार्ड महासंचालनालयाने, कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या सायरनचा आवाज वापरू नका, त्याने लोकांची संवेदना बोथट होईल, असे सर्व माध्यमांना कळवले. योग्य केले. पण गेल्या आठवड्यातला कार्यक्रम पाहता ती सूचना मे महिन्यासोबतच संपली असे समजले गेलेले दिसते.

नागरी संरक्षण कायदा १९६८ पासून पुस्तकात आहे. रुग्णवाहिकेचा आवाज मोटारीला लावलेला चालत नाही, मग हवाई हल्ल्याचा आवाज पडद्यावर केव्हाही वाजवलेला का चालावा, याचे उत्तर मला मिळालेले नाही. लग्नाच्या वरातींत आणि गणपतीच्या मिरवणुकींत डीजेवाले हाच आवाज मध्येच सोडतात, तेही मी ऐकले आहे. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही विनंती. दुसरी विनंती त्याहून लहान आहे. माझ्या नातवाला आणि त्याच्या वर्गातल्या सहा मुलांना मी विचारले, धोक्याचा सायरन कोणता आणि धोका टळल्याचा कोणता. एकालाही सांगता आले नाही. त्यांतल्या दोघांना दोन प्रकार असतात हेच नवीन होते. हेल काढणारा आणि सरळ, एवढीच गोष्ट आहे. मुलांच्या पुरवणीत दोन ओळींची चौकट पुरेल.

जामनगरला दिवे परत लागले ते १७ डिसेंबरला. ढाक्याची शरणागती आदल्या दिवशीची, पण आमच्या बाजूची शस्त्रसंधी त्या रात्री आठला सुरू झाली. चंद्र तोवर रोज उशिरा उगवत उगवत पार दिसेनासा झाला होता. अमावास्या होती, आणि ज्या रात्री ब्लॅकआउट खरा उपयोगी पडला असता त्याच रात्री तो उठला, असे वडील हसून म्हणाले. खाकी कागद आम्ही उत्साहाने ओरबाडून काढले, पण पट्ट्यांच्या फुल्या काचांवरून निघेनात. आंबली तरी खळ घट्ट होती. १९७४ साली बदली होऊन घर सोडताना घरमालकांनी काचा साफ करून द्या असा आग्रह धरला, तेव्हा आई आणि मी दोन दिवस कोमट पाणी आणि सुरी घेऊन त्या खरवडत बसलो होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीची एक फुली तरीही राहिलीच.

आपली नम्र,
एक ज्येष्ठ वाचक, ठाणे